'वॉल्ट्झ फॉर डेबी' ऐकताना नेमकं काय ऐकायचं?

प्रश्न लातूरहून आलाय. विचारणारे हौशी तबलावादक आहेत, ख्याल आणि अभंग ऐकत वाढलेले. मित्रांच्या बैठकीत त्यांनी बिल इव्हान्स त्रिकुटाचा 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हा जॅझ अल्बम ऐकला. बाकीचे डोळे मिटून माना डोलवत होते, यांना मात्र तो हॉटेलच्या लॉबीत वाजणाऱ्या पियानोसारखा वाटला. त्यांचे शब्द असे : 'सर, ऐकायला गोड आहे, पण घडत काहीच नाही. ही माणसं समेवर येतात का नाही तेही कळत नाही. मग लोक एवढे वेडे का होतात? मी काय ऐकायला पाहिजे? आणि बैठकीत नवख्यांना ऐकवायचा तर कुठून सुरुवात करू?'

मी हार्मोनियमवाला आहे. छत्रपती संभाजीनगरात शिकवण्या घेतो, ख्यालगायकांना आणि कीर्तनकारांना साथ करतो, तबल्याच्या एकल वादनाला लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी ठरावीक धून) धरतो. जॅझ मी व्यासपीठावर कधी वाजवलेलं नाही. पण हा अल्बम पेटीवर सूर शोधत, थांबवून, मागे नेऊन, शिष्यांना समोर बसवून इतका ऐकलाय की त्याबद्दल बोलायला संकोच वाटत नाही. माझं म्हणणंच असं आहे की हा अल्बम साथीदाराच्या कानाने ऐकावा. मैफलीला गेल्यासारखं मुख्य कलाकाराला शोधत बसलात तर तो सापडणार नाही आणि तुम्ही म्हणता तसंच वाटेल, की काही घडतच नाही.

आधी थोडी माहिती, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. तारीख २५ जून १९६१, वार रविवार. न्यू यॉर्कमधल्या ग्रिनिच व्हिलेज भागात 'व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाचा तळघरातला क्लब आहे, मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ साली सुरू केलेला. तिथे त्या दिवशी दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन अशी पाच सत्रं झाली आणि ती सगळी ध्वनिमुद्रित केली गेली. पियानोवर बिल इव्हान्स, बासवर (उभं धरून वाजवायचं खर्जाचं मोठं तंतुवाद्य) स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोटियन. निर्माते रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीचे ऑरिन कीपन्यूज, ध्वनिमुद्रक डेव्ह जोन्स. त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. त्या टेपांमधून आधी 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' हा अल्बम निघाला. त्याची सुरुवात आणि शेवट लाफारोच्याच रचनांनी केलाय, म्हणजे तो त्याच्या आठवणीचाच अल्बम. उरलेल्यातून १९६२ मध्ये 'वॉल्ट्झ फॉर डेबी' आला.

ही अपघाताची हकीकत सगळेच सांगतात, मीही सांगितली, पण ऐकताना ती बाजूला ठेवा. त्या रविवारी तिघांपैकी कोणालाच पुढचं माहीत नव्हतं. वाजवण्यात शोक नाही. चांगली झोप झालेली, एकमेकांची खोडी काढणारी तरुण माणसं वाजवतायत. काही श्रोते ती बातमी मनात धरून प्रत्येक मंद सुरात मृत्यू ऐकतात आणि त्यातला सगळा खट्याळपणा त्यांच्या हातून निसटतो.

आता समेचं, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचं. तुम्ही तबलेवाले, म्हणून थेट लेहऱ्यावरच येतो.

तुम्ही एकल वाजवता तेव्हा मी काय करतो? तीनतालाचा सोळा मात्रांचा लेहरा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. मी हललो नाही म्हणूनच तुम्हाला हलता येतं. कायदा उलगडा, गत घ्या, आड लयीत जा, माझ्या लेहऱ्यावरून श्रोत्याला कळत असतं की सम कुठे आहे. आता कल्पना करा की लेहरा सोळा मात्रांचा नसून १२८ मात्रांचा आहे, तुमच्या-माझ्या दोघांच्याही डोक्यात पक्का बसलेला आहे, आणि तो वाजवत मात्र कोणीच नाही. जॅझमधल्या बहुतेक जुन्या चालींचा हिशेब असाच असतो. चार मात्रांचा एक बार, आठ बारचा एक तुकडा, असे चार तुकडे, म्हणजे एकूण ३२ बार. गाण्याची मूळ चाल एकदा वाजवून दाखवतात, मग त्याच आराखड्यावर आवर्तनामागून आवर्तन उपज करतात, म्हणजे तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतात, आणि शेवटी पुन्हा मूळ चालीवर येतात. ते समेवर येतात, दर आवर्तनाला येतात. फक्त समेवर 'धा' मारून तुम्हाला दाखवत नाहीत.

या अल्बममधलं 'माय रोमान्स' घ्या. रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट यांचं १९३५ सालचं गाणं, बरोब्बर ३२ बारचं. पहिले सोळा बार झाले की सुरुवातीची ओळ परत भेटते, आणि पुढचा शेवट वेगळा होतो. आधी हे गाणं कोणाच्याही आवाजात, साध्या पद्धतीने गायलेलं ऐका. गुणगुणता येईपर्यंत ऐका. मग इव्हान्सचं लावा, आणि तो उपजेत शिरला की तुम्ही मनात मूळ चाल चालू ठेवा. लेहरा तुम्ही धरायचा. पहिल्यांदा पंधरा-वीस बारनंतर हरवाल. पुन्हा करा. जिथे पहिल्यांदा पियानोची ओळ आणि तुमच्या मनातली ओळ सोळा बार ओलांडून एकाच ठिकाणी उतरेल, तिथे 'घडत काहीच नाही' ही तक्रार मिटेल. मी शिष्यांना आधी हेच करायला लावतो, कारण ज्याला आवर्तन सापडलं नाही त्याच्याशी सुरांवर बोलण्यात अर्थ नसतो.

आता सुरांकडे. इथे पेटी जवळ घ्या, वाचून कळणार नाही.

आपल्याकडे षड्ज ठरलेला. तंबोरा तो धरून बसतो आणि बाकीचे सगळे सूर त्याच्याशी नातं सांगतात. मी गायकाची साथ करताना षड्ज दाबला नाही तरी चालतं, तो हवेतच असतो. जॅझमध्ये तंबोरा नाही. खालचा आधारसूर दर एक-दोन बारला बदलतो. पेटीच्या पट्ट्या आम्ही रंग आणि क्रमाने मोजतो; पांढरी एक म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, पाश्चात्त्यांचा 'सी'. उजव्या हाताने मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबून ठेवा, सोडू नका. डाव्या हाताने खाली पांढरी चार द्या : वरचा सूर पंचम झाला. खालचा सूर सोडून पांढरी सहा द्या : तोच वरचा सूर आता कोमल गंधार. मग पांढरी दोन : कोमल निषाद. मग काळी चार : शुद्ध गंधार. उजव्या हाताचं बोट तसूभरही हललेलं नाही आणि सुराने चार वेळा चेहरा बदलला. आपण एका सुराचं भावपूर्ण दर्शन घडवायला मींड, आंदोलन, कण वापरतो. इथे सूर स्थिर आहे आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकते. ज्यांना जॅझ 'उगाच बदलत राहणारं' वाटतं, त्यांना हे पेटीवर दाखवलं की निम्मी अडचण तिथेच सुटते.

आता दुसरा प्रयोग, आणि या अल्बमचं मर्म त्यातच आहे. पांढरी चार, पांढरी सहा, वरची पांढरी एक, वरची पांढरी तीन, हे चार सूर एकत्र दाबा. असे एकत्र वाजणारे सूर म्हणजे कॉर्ड. कानाला मऊ, थोडं उजळ वाटेल, आणि पांढरी चार हेच घर वाटेल. हात तसाच ठेवून खाली खर्जात पांढरी दोन जोडा. लगेच तीच कॉर्ड गंभीर झाली, सावली आली. आता पांढरी दोन काढून पांढरी पाच जोडा. आता ती कुठेतरी जायला निघालेली, अधांतरी. चार सूर तेच. अर्थ ठरवला तो खालच्या एका सुराने.

इव्हान्स डाव्या हाताने नेमकं हे करतो. कॉर्डचा मूळ सूर तो बहुतेक वेळा वाजवतच नाही, तो बाससाठी सोडून देतो. म्हणजे पियानोवाला अर्धंच वाक्य बोलतो आणि ते पुरं करायचं का, कसं करायचं, हे दुसऱ्या माणसाच्या हवाली करतो. साथ करणाऱ्याला विचारा, हे किती अवघड आहे. आपला सूर दिसावा, आपण आहोत हे कळावं, ही खाज प्रत्येक वाजवणाऱ्याला असते. मी कितीतरी चांगल्या पेटीवाल्यांना गायकाच्या प्रत्येक हरकतीमागे धावताना ऐकलंय. सगळं बरोबर वाजवतात आणि गाण्याचा श्वास कोंडतो.

मग लाफारो काय करतो? त्या काळच्या जॅझमध्ये बासवाल्याचं काम ठरलेलं होतं : दर मात्रेला एक सूर, सरळ चालत राहायचं, मूळ सूर दाखवायचे, लय धरायची. लाफारोला ते उत्तम यायचं, अल्बममध्ये तो अधूनमधून तसं चालतोही, आणि तो चालायला लागला की सगळं त्रिकूट कसं सुटतं ते ऐकण्यासारखं आहे. पण बराच वेळ तो हे काम बाजूला ठेवतो. मूळ सूर एकदा टेकवतो आणि वरच्या पट्टीत जाऊन पियानोच्या ओळीला उत्तर देतो. कधी उत्तर न देता भलताच प्रश्न विचारतो. गंमत म्हणजे हा माणूस आधी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा, बास त्याने अठराव्या वर्षी हातात घेतला. म्हणून तो बासवरही ओळी श्वासाने घेतल्यासारख्या घेतो असा माझा कयास आहे.

आणि मोटियन? त्याच्याबद्दल आमच्या बैठकीतला एक किस्सा सांगतो. आम्ही काही मंडळी अधूनमधून एका घरी जमतो. त्यात तबलेवाले आहेत, दोन शिक्षक आहेत, खुलदाबादच्या उरुसातल्या कव्वाल्या ऐकून कान तयार झालेले एक काका आहेत, आणि औशाकडचे एक पखवाजवाले मामा. मामांचं आयुष्य दिंडीत आणि भजनात गेलं. टाळ, मृदंग, पावली, सगळं ठसठशीत. त्यांना हा अल्बम पहिल्यांदा ऐकवला तेव्हा ते कपाळाला आठ्या घालून बसले आणि शेवटी म्हणाले, "त्यो ड्रमवाला काई वाजवंनाच गेला बगा. नुसता झाडू मारायलाय."

सगळे हसले, पण मामा बरोबर होते. मोटियन इथे मुख्यतः ब्रश वापरतो, तारांचे, पसरट, आणि ते कातड्यावर फिरवतो. आवाज झाडल्यासारखाच येतो. ठेका असा तो देत नाही. आपल्या हिशेबात तबलेवाल्याने ठेका सोडला तर गायक त्याच्याकडे वळून बघेल. इथे कोणी बघत नाही, कारण लय तिघांच्याही अंगात आहे आणि ती दाखवायची जबाबदारी एकट्या मोटियनवर नाही. तो झांजेवर एखादा ठिपका ठेवतो, एखाद्या ओळीचं टोक उचलतो, मध्येच दोन बार जवळजवळ गप्प बसतो. मामांना मी एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी पायाने लय धरा आणि ड्रमवाला तुमच्या पायाला कुठे कुठे शिवतो तेवढंच बघा. त्यांनी पुढच्या बैठकीला 'माय रोमान्स' अख्खं तसं ऐकलं आणि म्हणाले, "वाजवायलाय की. फक्त सांगंना गेलाय."

याहून नेमकं या अल्बमबद्दल मला बोलता येणार नाही. पियानोवाला मूळ सूर सोडतो, बासवाला चालणं सोडतो, ड्रमवाला ठेका सोडतो. ज्या कामासाठी ज्याला बसवलंय तेच काम प्रत्येकाने अर्धवट सोडलंय, आणि तरी काहीही सांडत नाही, कारण एकाने सोडलेलं दुसरा उचलतो. नाजूकपणा म्हणतात तो इथे आहे. हळू वाजवतात म्हणून हा अल्बम नाजूक झालेला नाही. हळू तर कोणीही वाजवेल.

आता एकेका गाण्याकडे, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

'माय फूलिश हार्ट' पहिलंच आहे आणि बहुतेक लोक तिथेच प्रेमात पडतात किंवा तिथेच झोपतात. लय अतिविलंबित. इव्हान्स यात उपज जवळजवळ करतच नाही, मूळ चालच वाजवतो. विलंबित ख्यालात बंदिश नुसती नीट मांडली तरी गायकाची उंची कळते, तसं हे आहे. इथे बासकडे मात्र मी सांगितलेल्या खोड्या शोधू नका. लाफारो इथे अगदी शहाण्यासारखा, लांब आणि खोल सूर धरून बसलाय. त्याला कुठे बोलायचं आणि कुठे नाही याची किती जाण होती ते इथेच कळतं. एक करा : प्रत्येक कॉर्ड दाबल्यानंतर ती विरेपर्यंत तिचा पाठलाग करा. पियानोचा सूर पेटीसारखा भात्यावर जगत नाही, दाबल्या क्षणापासून तो मरायला लागतो. इव्हान्स पुढची कॉर्ड आधीची किती विरल्यावर ठेवतो, याचं मोजमाप विलक्षण आहे. पेटीवाल्याला हे करताच येत नाही, म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.

शीर्षकगीत 'वॉल्ट्झ फॉर डेबी' इव्हान्सने आपल्या पुतणीसाठी, भावाच्या मुलीसाठी, रचलं. १९५६ च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये ते एकट्या पियानोवर, अगदी छोटं असं आहे. व्हॅनगार्डमधल्या वादनात सुरुवातीला फक्त पियानो आणि बास आहेत. चाल तीन मात्रांची. पियानो लहान मुलीच्या गाण्यासारखी सरळ चाल वाजवतो आणि बास खाली बसून राहण्याऐवजी वर येऊन तिच्याशी बोलतो. दोन्ही ओळी वेगवेगळ्या ऐका : एकदा फक्त उजवा हात, दुसऱ्यांदा फक्त बास. मग चाल संपता संपता तीनाची लय चारात पलटते, मोटियन आत येतो, आणि गाणं धावायला लागतं. सहा मात्रांच्या दादऱ्यातून आठ मात्रांच्या केहरव्यात जाताना तुमच्याकडे एक तिहाई किंवा निदान एक लग्गी तरी असती. इथे फक्त दार उघडतं. ती जागा मी शिष्यांना सलग पाच-सहा वेळा ऐकवतो. लय नेमकी कोणी बदलली ते बोट ठेवून सांगायचं असतं. भांडणं होतात.

आता 'सम अदर टाइम'. नाव नीट बघून लावा, कारण आपल्या कानासाठी खरं प्रवेशद्वार हे आहे. लेनर्ड बर्नस्टाइनने १९४४ च्या एका संगीत नाटकासाठी केलेली चाल. तिच्याखाली बराच वेळ दोनच कॉर्ड डोलत राहतात, खर्जात सा आणि प असं समजा. हाच डोल इव्हान्सने आधी १९५८ साली 'पीस पीस' या एकट्याने वाजवलेल्या तुकड्याला पाया म्हणून वापरला होता. खाली काहीतरी स्थिर असल्यामुळे आपल्याकडच्या श्रोत्याला तंबोऱ्याजवळ बसल्यासारखं घरी वाटतं. कव्वालीवाले काका, ज्यांना बाकी अल्बम 'थंडा' वाटला होता, ते यावर मान हलवायला लागले आणि त्यांनी ते लगोलग दुसऱ्यांदा लावायला लावलं. त्यांचं म्हणणं होतं की या माणसाला एकच मिसरा पुन्हा पुन्हा म्हणण्याची किंमत कळलेली आहे.

'डिटूर अहेड' बद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. सुंदर आहे, पण ते तुम्हाला आपोआप आवडेल. 'माइलस्टोन्स', माइल्स डेव्हिसची १९५८ ची रचना, मला या अल्बममध्ये थोडी उपरी वाटते. तिथे लाफारोचा हात किती चालायचा हे दिसतं आणि माझे तरुण शिष्य त्यावरच फिदा असतात. असोत. मला तो भाग तयारीचं प्रदर्शन वाटतो. बाकीच्या अल्बममध्ये तीच तयारी लपलेली आहे, आणि लपलेली तयारी मला जास्त आवडते. यावर बैठकीत माझ्या बाजूने फक्त मामा आहेत.

मधल्या आवाजांचं काय, असंही नवीन श्रोते विचारतात. ग्लासांची किणकिण, कोणाचं तरी हसणं, गप्पा, हे सगळं रेकॉर्डमध्ये आहे. काहींना त्याचा राग येतो : एवढं वाजवतायत आणि हे बोलतायत! मलाही आधी तो श्रोत्यांचा अडाणीपणा वाटायचा. आता वाटतं की ते आवाज उपयोगी आहेत. त्यांच्यामुळे खोली किती मोठी आहे, माणसं किती जवळ बसलीत, आणि वाजवणारे किती हळू वाजवतायत याचा अंदाज येतो. कोणाला आपल्याकडे बघायला लावण्याची त्यांना गरज वाटत नाहीये, हे त्या किणकिणाटामुळेच ऐकू येतं. त्या दिवसाचं सगळं ध्वनिमुद्रण २००५ साली तीन सीडींच्या संचात निघालं. त्यात दिवसाचा पहिलाच तुकडा, लाफारोची 'ग्लोरियाज स्टेप' ही रचना, मध्येच तुटतो, कारण वीज गेली होती. हे सांगितलं की आमच्या बैठकीत न्यू यॉर्कबद्दल एकदम आपुलकी निर्माण होते. टेप बंद पडली तरी वादन चालूच होतं, आणि टेप परत सुरू होते तेव्हा तिघेही पुढे कुठेतरी पोचलेले असतात.

त्या पूर्ण संचाचा तुम्हाला, तबलेवाले म्हणून, एक वेगळा फायदा आहे. बऱ्याच चाली त्या दिवशी दोनदा-तीनदा वाजवल्या गेल्या आणि त्या सगळ्या आवृत्त्या त्यात आहेत. 'वॉल्ट्झ फॉर डेबी'च्या दोन्ही आवृत्त्या एकामागे एक ऐका. काय ठरलेलं होतं आणि काय तिथल्या तिथे सुचलं ते कोणी न सांगता कळेल. एकाच गायकाचा एकच राग सकाळ-संध्याकाळ ऐकायला मिळाल्यासारखं. लाफारोची 'जेड व्हिजन्स'ही त्यात दोनदा आहे, नऊच्या लयीत, आणि ती तुम्हाला मोजायला आवडेल.

आता व्यवहाराचं. तुमच्या बैठकीत कशावर ऐकलंत ते लिहिलेलं नाही, पण मोबाइलच्या स्पीकरवर किंवा हातभर अंतरावरच्या छोट्या ब्लूटूथ डब्यावर ऐकलं असेल तर 'हॉटेलच्या लॉबीतला पियानो' असंच वाटणार. उभ्या बासची सगळ्यात खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते. ते या छोट्या स्पीकरांतून येतच नाही, म्हणजे तीन माणसांपैकी एक निम्मा गायब, आणि तोही ज्याच्यावर कॉर्डचा अर्थ ठरतो तोच. भारी यंत्रणा लागत नाही. बऱ्यापैकी वायरचा हेडफोन पुरतो. बैठकीत ऐकायचं तर जुने, लाकडी खोक्यातले मोठे स्पीकर ज्याच्या घरी असतील त्याचं घर धरा.

दुसरं, आणि हे मी गंभीरपणे सांगतोय : एप्रिल-मेमध्ये हा अल्बम लावू नका. मराठवाड्यात उन्हाळ्यात दुपारी कूलरशिवाय बसता येत नाही, आणि कूलर चालू असला की मोटियनचे ब्रश संपले. कूलरचा घरघराट आणि ब्रशचा आवाज एकाच जातीचे आहेत, एक दुसऱ्याला गिळतो. बासचा खर्ज मोटरीच्या गुणगुणीत जातो. राहतो फक्त पियानो, आणि मग घडत काहीच नाही. आम्ही हा अल्बम दिवाळीनंतर लावतो, पंखा बंद करून, रात्री नऊनंतर, रस्ता शांत झाल्यावर. आवाज फार मोठा करायचा नाही. पियानो खोलीत असता तर जेवढा ऐकू आला असता तेवढाच.

नवख्यांसाठी क्रम विचारलात. अल्बमच्या क्रमाने लावू नका. आधी 'सम अदर टाइम', कारण पाया स्थिर आहे. मग शीर्षकगीत, आणि त्याआधी एकच सूचना द्या : तीनाचं चार कुठे होतं ते पकडा. माणसांना काम दिलं की ती जागी राहतात. मग 'माय रोमान्स', पायाने लय धरून. 'माय फूलिश हार्ट' शेवटी लावा, तोवर कान तयार झालेले असतात आणि मंदपणाची भीती जाते. 'माइलस्टोन्स' तरुण मंडळी मागतील तेव्हा. वाजत असताना व्याख्यान देऊ नका, बोलायचं ते दोन गाण्यांच्या मध्ये. आणि कोणाला नाहीच आवडलं तर आग्रह करू नका. आमच्यातल्या एका शिक्षकांना अजूनही हा अल्बम आवडत नाही. ते चहा करतात आणि बैठकीला न चुकता येतात.

यापुढे काय ऐकायचं? या तिघांनी मिळून आधी स्टुडिओत दोनच अल्बम केले : डिसेंबर १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेला 'पोर्ट्रेट इन जॅझ' आणि फेब्रुवारी १९६१ मधला 'एक्सप्लोरेशन्स'. त्या पहिल्यातलं 'ऑटम लीव्ह्ज' तुम्हाला चटकन उमजेल, कारण त्यात पियानो आणि बास यांची देवघेव इतकी उघड आहे की ती सवाल-जवाबाच्या जवळ जाते. तिथून व्हॅनगार्डपर्यंत दीड वर्षात तीच देवघेव किती आत मुरली ते पाहता येईल.

आणि एक रियाज, तुमच्या गुरुजींची हरकत नसेल तर. लेहरा धरणाऱ्याला सांगा की चार आवर्तनं वाजव आणि पुढची दोन आवर्तनं हात उचलून बस. तुम्ही त्या दोन आवर्तनांत ठेका देऊ नका, सोपा कायदा घ्या, आणि तेही मोकळ्या जागा सोडत. दोघांनी तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर परत भेटायचं. चारदा-पाचदा चुकेल. जमलं की तीन आवर्तनं करा, मग लय जरा उतरवा, कारण विलंबितात हे जास्त जड जातं. आठवडाभर हे करून मग 'माय रोमान्स' पुन्हा लावा आणि काय ऐकू आलं ते मला कळवा.